दारातली झडती

जवाहरनगर रोड, जि. भंडारा
६ एप्रिल २०१७

चि. भावनास,

आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. धर्मेंद्ररावांना जयभीम सांग, तृप्तीचा माझ्या वतीने एक गालगुच्चा घे. आम्ही इकडे बरे आहोत हे वाक्य पत्रात लिहायचंच असतं, तेव्हा ते लिहिलं असं समज.

फोन असताना आईला पत्राची हौस कुठून आली, असं तू पुण्यात बसून म्हणशील. फोनवर तुझे बाबा माझ्या कानाला कान लावून बसतात. आता ते नळावर अंघोळ करताहेत. परसरामभाऊ पोस्टाकडे निघालेत, तेवढ्यात जमेल तसं लिहिते. अक्षराला नावं ठेवू नकोस, उजवं मनगट अजून नीट वळत नाही.

ऊन आत्ताच डोकं फोडतंय. विहाराला रंग देणं सुरू आहे, चौदा तारीख जवळ आली. शेजारच्या जनाबाईंनी वरचा मजला काढलाय, त्यांच्या रेतीचा ढीग अर्धा आपल्या फाटकासमोर पडलेला आहे.

तुझ्या बाबांची तब्येत उत्तम. खोटं नाही सांगत. फॅक्टरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, क्वार्टर सोडून हे घर बांधलं, तरी सकाळच्या भोंग्याआधी ते उठलेले असतात. अंगणात जोर, मग बैठका, मग परसरामभाऊंसोबत नहरापर्यंत चालणं. मागच्या वर्षी ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीत साठीतल्या पोरांना मागे टाकून पहिले आले, तो फोटो तू सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. बीपी नाही, साखर नाही. नागपूरचे डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून म्हणाले, हे हृदय अजून पंधरा वर्षं कुठे जात नाही. मी खुर्चीत बसून ऐकत होते. भावना, असं ऐकून बाईने पेढे वाटावेत. मी मात्र ती पंधरा वर्षं बोटांवर मोजत बसले.

तू पाठवलेले बदाम ते रोज भिजवून खातात. त्या बदामांची ताकद कुठे जाते, ते आज सांगते.

डोकं चालतं राहावं म्हणून तू कोड्यांची पुस्तकं पाठवलीस, तीही ते सोडवतात. सगळी घरं भरलेली असतात. त्यात शब्द एकही नसतो. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या जिल्ह्यातले तालुके विचारले. यांनी तुमसर, साकोली, लाखांदूर सांगितलं आणि मग गोंदिया, तिरोडा, आमगावही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जुनी माणसं बोलतात तसं, पूर्वी एकच होता ना जिल्हा. डॉक्टर म्हणाले, आजी, तसं नाही. आता कोणतं वर्ष आहे ते विचारा त्यांना. मी विचारलं नाही. मला ते वर्ष माहीत होतं. त्या वर्षी ते सेक्शनचे सुपरवायझर होते आणि तू शाळेत जात होतीस.

मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं, असं मी तुला फोनवर सांगितलं. मोरी बिचारी कोरडी होती. मनगट तुझ्या बाबांनी मोडलं.

दिवाळीनंतर हे सुरू झालं. मी सकाळी स्वयंपाकघरात शिरायला गेले तर हे दारात उभे, चप्पल-बूट घालून. म्हणाले, "हात वर कर. खिशात काय हाये?" फॅक्टरीच्या दारात माणसाचे खिसे तपासतात, माचिस-बिडी आत जाऊ देत नाहीत, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. दारूगोळ्याच्या कामात एक काडी म्हणजे काय ते त्यांच्या हाडात मुरलंय. मला आधी हसूच आलं. मी हात वर केले आणि म्हटलं, "घ्या साहेब, पाहून घ्या, लुगड्याले खिसा कुठं असते?" तेही हसले. आठ-दहा दिवस आमची ही गंमत चालली. म्हातारपणी नवरा रोज दारात अडवतो, याचं मला थोडं कौतुकही वाटलं, लिहायला लाज कशाला.

मग एके दिवशी माझ्या कमरेला माचिस सापडली. वीज गेली होती, कंदील लावायला खोचली होती. त्यांनी माझ्या तोंडात मारली. उलट्या हाताने, पूर्ण ताकदीने. मी चौकटीवर आपटले. तोंडात रक्त आलं, वरची दाढ हलली ती आता पडली. आणि ते ओरडत होते, "पोरं हायेत आत, माह्या सेक्शनची पोरं हायेत." आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता, भावना. शेजारच्या बायकांना मी तोऱ्याने सांगायची.

तू माघ महिन्यात आलीस तेव्हा माझ्या दंडावरचं निळं पाहून विचारलंस. मी तुला तोडून बोलले, आपलं घर सांभाळ म्हटलं. तू त्याच दिवशी गाडी पकडलीस आणि महिनाभर फोन केला नाहीस. ते निळं त्यांच्या बोटांचं होतं. तू अंगणात तृप्तीला त्यांच्या पाठीवर बसवून जोर काढायला लावत होतीस आणि म्हणत होतीस, माझे बाबा बघा. त्या वेळी मी काय सांगणार होते?

मनगट गॅसच्या लायटरमुळे गेलं. मी तो सोडला नाही, कारण दूध उतू जात होतं. मूर्ख बाई. त्यांनी मनगट असं पिळलं की आवाज आला. मी किंचाळले तरी लायटर मिळेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मग तो घेऊन नहरात टाकून आले आणि दुपारी माझ्या हाताला हळद लावत बसले. कसं पडलीस, म्हणून मलाच रागावले.

परसरामभाऊंचे समोरचे दात स्कूटरवरून पडून गेले असं सगळ्यांना वाटतं. भाऊंनीच तसं सांगितलं. फिरताना त्यांनी बिडी पेटवली होती. चाळीस वर्षांची सोबत. यांनी हातातली काठी तोंडावर घातली, ते पडल्यावर पाठीवर घातली. भाऊ माझ्या दारात आले तेव्हा सदरा लाल झाला होता. म्हणाले, "वहिनी, कोनाले सांगू नका. मानूस वाईट नाही." मग मीही कोणाला सांगितलं नाही. त्या माणसाची अब्रू आम्ही दोघांनी आपल्या दातांनी राखली म्हणायची.

आता मागच्या महिन्यातल्या रविवारचं सांगते, म्हणजे पत्र संपेल.

वंदनेसाठी मी दार आतून लावून मेणबत्ती पेटवली. दाराला कडी होती. दोन धक्क्यांत ती चौकटीतून निघाली. त्यांनी माझे केस धरले आणि ओढत बाहेर नेलं, अंगणातून, फाटकातून. माझं लुगडं सुटलं, गुडघे सोलले. रेतीच्या ढिगात त्यांनी मला पालथी पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि माझं डोकं रेतीत दाबून वरून ओंजळींनी रेती ओतायला लागले. "आग लागली, बाहीर निंगा सारे, बाहीर निंगा." मी जळतेय असं त्यांना वाटत होतं. ते मला वाचवत होते. माझ्या नाकात, घशात रेती गेली. डोळ्यांपुढे अंधार आला. हाताला विटेचा तुकडा लागला, तो मी मागे घातला, परत घातला. कुठे लागतो ते मी पाहिलं नाही. लागू दे असंच वाटलं. मरू दे असंही वाटलं, तेही लिहून ठेवते.

ते बाजूला पडले. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरत होतं. मी खोकत, रेती थुंकत बसले. त्यांनी डोळा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चंद्रकला, तुले कोनं मारलं वं?"

मग त्यांनी काठी उचलली आणि समोर रेती चाळत असलेल्या जनाबाईंच्या मिस्त्रीला धरलं. खांद्यावर एक, मांडीवर एक. मिस्त्रीचे मजूर धावले. तरणी पोरं होती चार, पण त्यांना हा म्हातारा आवरेना. एकाच्या पोटात डोकं घातलं, एकाचं बोट चावलं. मग त्या पोरांनी मारलं त्यांना. लाथा घातल्या बरगड्यांत. मी मध्ये पडले तर मलाही एक बसली. शेवटी बांधकामाचा दोर आणून हातपंपाला बांधलं त्यांना. सगळी आळी उभी होती. जनाबाई म्हणाल्या, "बाई, आता असंच ठेवा लागते. सोडला तर जीव घेईन कोनाचा." हातपंपाला बांधलेले तुझे बाबा ताठ उभे होते. छाती वर-खाली होत होती, रक्त हनुवटीवरून गळत होतं. म्हणाले, "चंद्रकला, सांग ना यायले, मी कोन हाओ ते."

मी सांगितलं. कोणाला ऐकू आलं की नाही, माहीत नाही. परसरामभाऊंनी दात नसलेल्या तोंडाने मिस्त्रीच्या विनवण्या केल्या, पोलिसांत जाऊ नको म्हणून. मग दोर मीच सोडला.

दुसऱ्या दिवशी तृप्तीचा फोन आला. "आजी, या सुट्टीत मी महिनाभर तुमच्याकडे. वाढदिवस पण तिकडेच. केकवरच्या मेणबत्त्या मी आणि आजोबा मिळून विझवणार." ते माझ्या कानाजवळ होते, डोक्याला पट्टी. हसून म्हणाले, "ये बेटा, ये." मीही म्हटलं, ये. फोन ठेवल्यावर मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

नागपूरच्या डॉक्टरांनी, तालुके विचारले त्याच दिवशी, एक गोळी लिहून दिली होती. त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, याने ते शांत होतील, पण अंग ढिलं पडेल, पाय ओढत चालतील, तोल जाईल. हळूहळू फिरणं सुटेल. ती गोळी मी तांदळाच्या डब्यात घालून ठेवली होती, महिनाभर. मार खाल्ला, पण काढली नाही. त्यांच्या डोक्यातून सगळं गेलं, एक हे अंगच तेवढं त्यांचं उरलंय. ते मी आपल्या हाताने कसं मोडू? माझ्या हाडांसाठी मी ते केलं नसतं. उलट मीच भिंतीला टेकून जोर काढायला शिकत होते, चोरून. सत्तरी जवळ आलेली बाई, मोडलेलं मनगट, आणि मनात हेच की, पुढच्या वेळी त्यांचा हात धरता आला पाहिजे. दहा निघतात आता. हस.

पण तृप्तीची मान केवढी आहे, ते मला माहीत आहे. तिला मी न्हाऊ घातलंय.

म्हणून तिला यंदा आणू नकोस. आजी आजारी आहे म्हण, घराचं काम निघालं म्हण, तुला जमेल ते सांग. ती रुसली तर माझ्यावर रुसू दे. तू आणि धर्मेंद्रराव मात्र या. दोघं या, एकटी येऊ नकोस. फाटकातच त्यांनी अडवलं तर मुकाट हात वर कर आणि हसू नकोस. त्यांना कुठे ठेवायचं, ठेवायचं की नाही, ते तेव्हा बोलू. नागपुरात एक जागा मी पाहून आले, तिथेही पलंगाला पट्टे आहेत. ते पट्टे पाहून मी परत आले. मला एकटीला हे ठरवता येत नाही, हे मी तुला माघात सांगायला हवं होतं, तर मी तुला हाकललं. त्याचा राग धरून बसू नकोस, मला आता तू हवी आहेस.

त्या फोनच्या संध्याकाळपासून मी गोळी चहातून देते आहे. काठी त्यांनी अजून उचलली नाही. झडती घेतात, पण हात नुसते फिरतात.

आज सकाळी ते अंगणात उतरले. थोडे जोर काढले आणि मध्येच थांबले. पुन्हा हात टेकले, पण कोपर वाकलं ते वर येईना. तसेच मातीत बसले आणि आपले दंड दाबून पाहायला लागले, एक, मग दुसरा. मी चहा घेऊन उभी होते.

म्हणाले, "चंद्रकला, आज अंग काहून जड लागून राहिलं वं?"

मी म्हटलं, "वय झालं तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कप घ्यायला हात पुढे केला. त्यांनी माझा शब्द कधी खोटा धरला नाही, भावना. आजही धरला नाही.

नळ बंद झाला, थांबते.

तुझी वाट पाहणारी, आणि त्यांना तो चहा रोज देणारी,
आई