प्रकृती अत्यवस्थ, ताबडतोब निघा

दादा, परवा संध्याकाळी आमच्या घरी सगळे टीव्हीपुढे बसून एका मालिकेचा भाग पाहत होते. तुमच्या वेळी कॉलनीत रेडिओसुद्धा मोजक्या घरांत होता, म्हणून मालिका म्हणजे काय ते सांगते. दर आठवड्याला घरात येऊन बसणारं छोटं नाटक समजा. ह्या भागात चार जुने मित्र पाचव्याच्या मयताला जमतात. कित्येक वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. चादरीखालच्या त्या माणसाच्या उशाशी बसून आधी रडतात, मग हळूहळू त्याच्याविषयी नको नको ते बोलायला लागतात, आणि शेवटी जेवण कुठून मागवायचं ह्यावरून भांडतात. तेवढ्यात मेलेला उठून बसतो आणि म्हणतो, "माझ्यासाठी पण मागवा." माझा मुलगा हसून हसून लोळला. सुनेला राग आला, ती म्हणाली, "मरणावर कसले विनोद करतात हे लोक?" नात फोनवर लोकांची मतं वाचून दाखवत होती. कुणी लिहिलं होतं, पोट दुखेपर्यंत हसलो. कुणी लिहिलं होतं, माझे वडील मागच्या महिन्यात गेले, मला हे बघवलं नाही. आणि एकानं लिहिलं होतं, सगळं ओढूनताणून आहे, खऱ्या आयुष्यात असं कोण करतं? नातीनं विचारलं, "आजी, तुला कसा वाटला?" मी म्हटलं, "बरा होता," आणि आत जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. हल्ली मला कुठल्याच गोष्टीवर मत द्यायचा कंटाळा येतो. पण ते 'असं कोण करतं' मात्र डोक्यातून जाईना. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही केलं होतं, माझ्या सख्ख्या बापानं. येलदरीला, पॉवरहाउसच्या कॉलनीत, मी तेव्हा तिसरीत असेन. तुमचे दोनच मित्र होते, पाथरीचे काका आणि पेडगावचे काका. परभणीच्या वसतिगृहात तुम्ही तिघं एका खोलीत राहिलेले, धम्मदीक्षेच्या वेळी एकाच गाडीनं गेलेले. पुढे तुम्ही धरणावर ऑपरेटर झालात, पाथरीचे काका मास्तर झाले, पेडगावचे घरच्या थोड्याशा रानात परतले. मग पक्षात फूट पडली, आणि मास्तर एका गटात, पेडगावचे काका दुसऱ्या. एका सभेत दोघं एकमेकांना भर लोकांत काहीबाही बोलले. त्यानंतर एक आपल्याकडे आला की दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, असा घरात नियमच झाला. मला आठवतं, पाथरीचे काका चहा पिता पिता सहज विचारायचे, "पेडगावाकडं पाऊस झाला म्हणे?" आणि तुम्ही म्हणायचात, "पावसाचं इचारायलास का माणसाचं?" मग ते उरलेला चहा एका घोटात संपवायचे.

हे असं किती वर्षं चाललं, मला नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी तुम्ही जिंतूरला गेलात आणि दोघांनाही एकच तार करून आलात. प्रकृती अत्यवस्थ, ताबडतोब निघा. त्या काळी अत्यवस्थ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस गेलाय असं तारेत कुणी लिहीत नसे. दोघं आपापल्या गावाहून निघाले आणि जिंतूरच्या स्टँडवर एकाच एसटीत चढले. पाथरीचे काका पुढच्या बाकावर, पेडगावचे मागच्या. येलदरीपर्यंत दोघंही खिडकीकडे तोंड करून रडत होते म्हणे, आणि दोघांनीही एकमेकांना पाहिलं होतं. पेडगावच्या काकांच्या काखेत पांढरं कापड होतं. धरणावर रानात कापड कुठं मिळणार, म्हणून त्यांनी परभणीतूनच घेतलं होतं.

त्या दिवशी तुमची दिवसपाळी होती. तुम्ही रजा टाकलीत, आणि आईला मात्र सांगितलं नाहीत. आई धुणं-पाणी करायला नळावर गेल्याचं बघून मला शाळेतून लवकर घरी आणलंत. भोयांकडून मोठा रोहू आणला होता, तुम्ही तो स्वतः साफ केलात, मसाला लावलात आणि चुलीपुढे बसलात. आई अजून नळावरच होती. मी उंबऱ्यावर होते, म्हणून मला आधी दिसले ते दोघं. मधे चांगलं दहा हात अंतर ठेवून येत होते, आणि क्वार्टरच्या कोपऱ्यावर येताच पेडगावच्या काकांनी गळा काढला, "आरं माझ्या वाघा रं!" मग अंगणात आले आणि दारातून आत बघून तसेच थांबले. तुम्ही उलथनं हातात घेऊन वर पाहिलंत.

"तू मेला न्हाईस?" पेडगावच्या काकांनी विचारलं.

"न्हाई. बसा. मासे तळायलोय."

तेलाचा आवाज तेवढा येत होता. मग पेडगावचे काका, तुमच्यावरची नजर न काढता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाथरीच्या काकांशी बोलले. "मास्तर, धरा ह्याला. मी हाणतो."

"तुमी धरा," पाथरीचे काका म्हणाले. "मला हाणायचंय. शाळेतल्या पोरांच्या परीक्षा सोडून आलो मी, दोन गाड्या बदलून."

आणि खरंच हाणलं त्यांनी. पाठीत दोन धपाटे घातले, मग तुमच्याच गळ्यात पडून रडायला लागले. पेडगावचे काका भिंतीला टेकून खाली बसले आणि हातातल्या कापडाकडे बघून हसायला लागले. त्यांचं हसू काही केल्या थांबेना. तुम्ही तिघं जवळजवळ म्हातारे दिसत होतात मला तेव्हा. आता हिशेब केला तर चाळिशीचेसुद्धा नव्हतात.

आईला तुम्ही बेतात धरलंच नव्हतं, दादा. नळावरच्या बायकांनी तिला सांगितलं की तुझ्या घराकडं दोन माणसं रडत चाललीत, एकाजवळ पांढरं कापड हाय. तिच्या हिशेबानं तुम्ही पॉवरहाउसमध्ये होतात. ती कळशी नळाखाली सोडून पळत आली. पायात काही नव्हतं, पदर खांद्यावरून गेलेला. अंगणात येऊन तिनं पाहिलं तर तिघंजण मासे खाताहेत. ती ओरडली नाही. आत आली, चुलीतली जळती लाकडं ओढून काढली, त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि कढईकडे पाठ करून बसली. घरभर धूर झाला. "मला वाटलं यंत्रात गेलं माणूस," ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. "नळापासनं हितवर मी रांडमुंड होऊन आले." पाथरीच्या काकांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. तुम्ही काहीतरी बोलायला गेलात, तर ती म्हणाली, "मरणाची मस्करी मला चालायची न्हाई. दोस्त तुमचे, मरण माझं हाय." ते अर्धे कच्चे राहिलेले मासे मग कुणीच खाल्ले नाहीत.

पुढचे कित्येक दिवस कॉलनीत दुसरा विषय नव्हता. परवा नात मतं वाचत होती तेव्हा मला तीच माणसं दिसत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, असं तोंडानं बोलू नये, खरं होतं. मोठे साहेब हसून म्हणाले, ह्याला नाटकात घ्या रे. टपरीवाला म्हणाला, दोस्ती असावी तर अशी. तुमच्या पाळीतले एक गृहस्थ मात्र गंभीरपणे म्हणाले की तार ही सरकारी चीज आहे, तिच्यात खोटं घालायला नको होतं. आई तुमच्याशी बोलत नव्हती. तुम्ही मला मधे घालायचात, "तुझ्या आईला इचार, च्या हाय का." ती मला सांगायची, "मेलेल्या माणसाला कशाला लागतोय च्या?" मी इकडून तिकडे निरोप नेताना हसू दाबायची, आणि मग रात्री अंथरुणात मला भीती वाटायची.

एकदा धरणाच्या भिंतीवरून फिरताना मी तुम्हाला विचारलं होतं, का केलंत म्हणून. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "मी गेल्यावर त्ये दोघं येणारच हायत. एका सतरंजीवर बसणार, रडणार, माझ्यापायी का होईना बोलणार. मग मी जिता असताना का न्हाई? मला बी ऐकायचंय की." आणि थोडं चालल्यावर म्हणालात, "तुझ्या आईचं मात्र चुकलंच माझं." हे तुम्ही तिला कधी सांगितलंत की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं, फार पुढे.

दोन उन्हाळे गेले. वैशाखात तुम्ही पाळीवरून आलात, शर्ट काढता काढता छातीला हात लावून बसलात. जीप आणली, पण जिंतूरच्या अलीकडेच तुम्ही गेलात. शेजारच्यांनी दोन्हीकडे तारा केल्या. तारेला दुसरे शब्द कुठले असणार? प्रकृती अत्यवस्थ, ताबडतोब निघा. आई संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. "त्येंना येऊ द्या," एवढंच म्हणत होती. पण ऊन असं होतं की थांबता येईना. बुद्धवंदना झाली आणि तुम्हाला नेलं.

ते दुसऱ्या दिवशी आले. एकत्र आले, एकाच बाकावर बसून. मागाहून कळलं की तार मिळाल्यावर पाथरीचे काका, पुन्हा तोच डाव म्हणून, हसले आणि आधी पेडगावला गेले. तिथं दोघांनी बेत केला की ह्या बारीला एक दिवस त्यालाच वाट बघू द्यायची. जिंतूरहून त्यांनी तळलेले मासे बांधून घेतले होते. पेडगावच्या काकांनी ते जुनं पांढरं कापड डोक्याला फेट्यासारखं बांधलं होतं. रस्त्यावरूनच त्यांचं हसणं ऐकू येत होतं. अंगणातली माणसं बाजूला झाली.

"उठ रे!" पेडगावचे काका ओरडले. "लय झालं आता! तुझं कच्चं खाणार न्हाई आमी, आमचं आमी आणलंय!"

आई दारात आली. तिच्या कपाळाकडे बघून पाथरीच्या काकांचं हसू थांबलं. पेडगावचे काका अजून बोलतच होते, तर मास्तरांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ते तसेच उभे राहिले, तोंडावर दुसऱ्याचा हात, डोक्याला ते कापड. मग त्यांनी फेटा सोडायला घेतला, तो त्यांना सुटेचना. मास्तरांनीच सोडला.

"कालच नेलं," आई म्हणाली. "बसा." आणि त्यांच्या हातातल्या तेलकट पुड्याकडे बघून तिला एकदम हसू आलं. तोंडात पदराचा बोळा घालून ती हसत होती, सगळ्या कॉलनीदेखत. "ह्यांनी बघाय पाहिजे होतं तुमाला," ती म्हणाली. मग दाराला धरून खाली बसली, आणि तेव्हा रडली. त्याच्या आधी ती रडलेली नव्हती.

क्वार्टर सोडावं लागलं. सामान न्यायला दोघंच आले. आई परभणीला शाळेत कामाला लागली, आणि माझं हायस्कूल पाथरीला काकांच्या घरी झालं. त्यांचे गट शेवटपर्यंत वेगळेच राहिले, निवडणूक आली की भांडायचे. पण मग दोघांतला कुणीतरी कार्ड टाकायचा, वर पहिली ओळ 'मी जिवंत हाय', आणि खाली भांडण पुढे चालू. पेडगावचे काका गेले तेव्हा पाथरीचे काका त्यांच्या तोंडावरचं कापड काढून दाखवल्याशिवाय रडायला तयार नव्हते. आता तेही नाहीत, आईही नाही. आईचं मत काही बदललं नाही. "वाईट केलं त्येंनी," म्हणायची, आणि सांगता सांगता तिला हसू फुटायचं. तुम्ही केलंत ते बरं की वाईट, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवायची ताकदही नाही. नातीला सांगायला बसावं तर हसायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं, हे मलाच धड माहीत नाही. सांगितलं तरी ती म्हणेल, आजी, ओढूनताणून वाटतं.

हे कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. पत्ता नाही, आणि तारही आता बंद झाली. एवढं लिहून उशीखाली ठेवीन आणि झोपेन, दमले आहे. एक गोष्ट मात्र आईलाही कधी सांगितली नाही. त्या दिवशी तुम्हाला नेताना मी पाहिलं होतं, धूरही लांबून पाहिला होता, मला सगळं कळत होतं. तरी अंगणातून ते 'उठ रे' ऐकू आलं, तेव्हा सगळे त्या दोघांकडे बघत होते, आणि मी वळून आत चुलीकडे बघितलं.