काओतिराला नाही म्हणता येत नाही

ती. इओतेबादादा यांस,

ब्रिस्बेनहून तुमच्या मेव्हण्याची, तेकिनाइतीची, नमस्काराची मौरी. तुमच्या बहिणीनं स्वतःची वेगळी मौरी सांगितली आहे. ती माझ्यापेक्षा चार बोटं मोठी धरावी. तुमचं पत्र पोचलं. गुडघा अजून दुखतो, वहिनींचा खोकला थांबला आणि मोठी डुकरीण नऊ पिलं व्याली, हे वाचून एकेका गोष्टीचं जेवढं वाटायला हवं तेवढं वाटलं (डुकरिणीचं जास्त). इकडे थंडी पडली आहे. अबेमामा बेटावर जन्म काढलेल्या माणसानं दोन स्वेटर घालून बसची वाट बघावी, हे काही बरं नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून माझी पाठ धरते, पण त्याबद्दल मी कुणाकडे बोलत नाही. तुम्हालाही फक्त कळावं म्हणून लिहिलं.

मुख्य बातमी अशी की पन्नाशीला टेकलेली तुमची बहीण काओतिरा गेले पाच महिने कॉलेजात जाते. इंग्रजी शिकायला. मीही जातो, पण माझं सोडा. मी मागच्या बाकावर बसतो आणि फळा पुसायला सांगितला की पुसतो. काओतिराला म्हाताऱ्या माणसांच्या निवासात काम करायचं आहे. त्या कामाचा एक अभ्यासक्रम असतो, त्याला बारा जागा, आणि जागा मिळायची तर आधी कॉलेजातली इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. एकदा तिनं मनावर घेतल्यावर घरात काय उरलं म्हणता! फ्रिजवर फ्रिज लिहिलेली चिठ्ठी, दारावर दार, माझ्या पायजम्यावरसुद्धा चिठ्ठी. (ती न काढता मी एकदा कचरा टाकायला गेलो. शेजाऱ्यांनी वाचली आणि मान डोलावली.) तीन महिन्यांत ती बसच्या ड्रायव्हरला त्याच्या आईच्या ऑपरेशनबद्दल विचारायला लागली. आता तो तिच्यासाठी थांब्यावर गाडी धरून ठेवतो. मी एकटा असलो की तोच माणूस माझ्या तोंडावर दार लावून निघून जातो. मला तिचं फार कौतुक वाटतं, दादा. तिच्यासमोर मी ते बोलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आमच्या शिक्षिका पिकेटबाई. साठीच्या, बुटक्या, आवाज मात्र पार चर्चच्या घंटेपर्यंत पोचेल असा. आमच्या वर्गात नऊ देशांची माणसं आणि नऊच्या नऊ देशांची चुकण्याची तऱ्हा वेगळी, पण बाई कुणाला हसल्या नाहीत. (माझ्या निबंधाला एकदा हसल्या, पण तो मी दुःखद लिहिला होता.) अशा बाईंनी एका मंगळवारी धडा काढला तो विनंती करण्याचा आणि ती नम्रपणे नाकारण्याचा. जोड्या पाडल्या. एकानं छत्री मागायची, दुसऱ्यानं म्हणायचं, माफ करा, मला स्वतःला लागणार आहे. झालं. एवढाच धडा.

काओतिराच्या जोडीला शहरबानू होती, अफगाणिस्तानातली, फार सालस बाई. तिनं पुस्तकात बघून छत्री मागितली. काओतिरानं दिली. बाई म्हणाल्या, "नाही म्हणायचंय, काओतिरा." ही म्हणाली, "पण ती मागतेय." मग जोड्या बदलल्या आणि बदलतच राहिल्या. मधल्या सुट्टीपर्यंत तिची छत्री गेली, घड्याळ गेलं, डबा गेला आणि व्हिएतनामच्या तुआननं निव्वळ सरावासाठी चपला मागितल्या तर त्याही गेल्या. सगळे परत द्यायला धावले, पण ही घेईना. दिलेली वस्तू परत घ्यायची म्हणजे आपल्यात केवढी लाज! शेवटी बाई स्वतः पुढे झाल्या. नाकारायला सोपं जावं म्हणून त्यांनी मुद्दाम भलतंच मागितलं: अंगातलं तिबुता, आपलं सैल पोलकं. तेवढं मात्र काओतिरानं लगेच दिलं नाही. तिनं बाईंची छाती आणि खांदे नजरेनं मोजले आणि गुरुवारी नवंकोरं, चुण्या घातलेलं, निळ्या फुलांचं तिबुता शिवून आणलं. पिकेटबाई ते घालून वर्गात उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटं त्यांना काही शिकवता येईना.

बुबुती म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण बाईंना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. नात्यातल्या माणसानं तोंडानं मागितलं की द्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही, नाही म्हणायचं तर नाहीच नाही. बाई म्हणाल्या, पण वर्गातली माणसं तुमची नातेवाईक कुठं आहेत? यावर काओतिरानं विचारलं, "पाच महिने एका खोलीत बसून एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, मग आणखी कोण असतं नातेवाईक?" बाईंनी चष्मा काढून पुसला.

पण नंतर त्यांनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. निवासात साखरेचा आजार असलेला म्हातारा जॅम मागतो. काहीच आठवत नसलेली म्हातारी, मला घरी जायचंय, दार उघड, म्हणते. तू दार उघडलंस तर ती सरळ मोठ्या रस्त्यावर जाईल. म्हणून जिला नाही म्हणता येत नाही तिला ते लोक कामाला घेत नाहीत, आणि परीक्षेत तेच बघतात. त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. ड्रायव्हरनं आईची तब्येत आपण होऊन सांगितली तरी तिनं मान वळवली नाही. घरी येऊन म्हणाली, "माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर? मला जमणार नाही रे हे. मी वाईट आहे म्हणून नाही, मला तसं वाढवलंच नाही." मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग मी तिचा सराव घ्यायचं ठरवलं. तिची उशी मागितली, दिली. तळलेल्या माशाचं डोकं मागितलं (तिला ते किती आवडतं हे तुम्ही जाणता), दिलं. चार दिवस मी दोन उशांवर झोपलो, माशांची डोकी खाल्ली आणि पाचव्या दिवशी तिनं मला असं काही सुनावलं की ते सगळं इंग्रजीत आहे हे मला मागाहून कळलं.

परीक्षेला बाहेरचे एक उंच, वाळके, टायवाले परीक्षक आले. त्यांनी विसराळू म्हातारा व्हायचं आणि दार उघड म्हणायचं, आपण ते उघडायचं नाही. परीक्षा सगळ्यांना तीच. आधी माझा नंबर होता. त्यांनी इतक्या काकुळतीनं विनवलं की मी दार उघडलं, त्यांना कोट चढवला आणि त्यांना पार रस्त्यापर्यंत पोचवून आलो. माझा निकाल वेगळा सांगत नाही.

मग काओतिरा आत गेली. खोलीला काचेची भिंत, त्यामुळे मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आत काय बोलणं झालं ते पिकेटबाईंनी नंतर सांगितलं. परीक्षक म्हणाले, मला घरी जायचंय. ते म्हणाले, दार उघड. ही दाराकडे बघते, त्यांच्याकडे बघते. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती उठली. मी बाहेर डोळे मिटून घेतले. उघडले तर ही आपली खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलेली. तिनं म्हटलं होतं, "आजोबा, आधी माझी एक मागणी आहे. मी इथं नवीन आहे, एकटी आहे. माझ्याबरोबर चहा प्या आणि तुमचं घर कसं आहे ते सांगा." उलटी बुबुती, दादा! मागणाऱ्याकडेच मागितलं! टेबलावर नसलेल्या किटलीतून तिनं नसलेला चहा ओतला आणि तो टायवाला माणूस तो फुंकून प्यायला. मग त्यानं आपलं घर सांगितलं. खोटं नव्हे, खरं. अंगणातलं लिंबाचं झाड, आईची खुर्ची, सगळं. दहा मिनिटं. पुढचा विद्यार्थी दारात ताटकळत राहिला.

कागदावर एक चौकट होती, उमेदवारानं नकार दिला का? परीक्षकांनी पेन बराच वेळ हातात धरलं आणि लिहिलं, दार बंद राहिलं. तुमची बहीण पास झाली. बारांपैकी एक जागा तिची. पिकेटबाईंनी तिबुताच्या बाहीनं डोळे पुसले, तुआननं टाळ्या वाजवल्या आणि मला, नापास माणसाला, सगळ्यांनी उचलायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

वहिनींना, मुलांना आणि डुकरिणीला मौरी.

तुमचा,
तेकिनाइती

ता. क. अभ्यासक्रम जुलैच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो आणि पहिला आठवडा जो चुकवेल त्याची जागा पुढच्या माणसाला जाते. तुम्ही पत्रात लिहिलंत की नातवाचा पहिला वाढदिवस त्याच आठवड्यात आहे, काओतिरानं यावं, नाच बसवावा, स्वयंपाक बघावा आणि दोन महिने राहावं. पत्र पुरतं वाचून व्हायच्या आत तिनं कपाटावरची सूटकेस खाली काढली. सूटकेस अजून पलंगावर उघडी आहे, मी रोज एक कपडा बाहेर काढतो आणि काओतिरा रोज परत ठेवते. म्हणून हे एवढं लांब पत्र. माझी तुमच्याकडे बुबुती आहे: हे एक वर्ष तिच्याकडे काहीही मागू नका. तुम्ही अबेमामाचे जाणते, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

ता. क. २ काही अडलं तर माझ्याकडे मागा. माझ्याकडे दोन उशा आहेत.

ता. क. ३ तिनं हे पत्र वाचलं. पायजम्याच्या जागी हसली, पहिल्या ता. क.ला हसली नाही. म्हणाली, "माझ्या भावाशी माझ्यावतीनं तू बोलणारा कोण?" मग खाली बसून तिनं स्वतः एक ओळ लिहिली, ती तुम्हाला या कागदाच्या तळाशी दिसेल. इंग्रजीत आहे. आपल्या भाषेत चारदा सुरुवात केली, हात पुढे जाईना. तुम्ही ती शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्याल, पण मनेआबात, गावच्या सभाघरात, सगळ्यांसमोर वाचायला लावू नका, म्हणून मीच सांगून टाकतो. तिनं लिहिलंय: दादा, मला माफ कर, मी या वेळी येऊ शकत नाही. लिहून झाल्यावर मला विचारलं, "रागावेल का रे तो?" मी म्हटलं, रागावेल. "रागावू दे," म्हणाली आणि खूप रडली. आता तोंड धुऊन आली आहे आणि पाकीट स्वतः चिकटवायचंय म्हणून हात पुढे करून उभी आहे. मला अजून बरंच लिहायचं होतं, पण ती मागतेय, म्हणजे द्यायलाच हवं.