दुपारी दोनची हालचाल

४ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! नव्या घरात आज तिसरा दिवस आणि चमचे अजून सापडलेले नाहीत. सकाळी चहा मोजपट्टीने ढवळला, तर बाबा इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. आजारपणानंतर त्यांना असं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. घर छोटं पण नेटकं आहे. पुढे हॉल, उजवीकडे बाबांची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून अडगळीची खोली. बाबांच्या खिडकीत दुपारभर ऊन असतं. उजवा पाय ओढत, वॉकर ढकलत त्यांनी सगळं घर पाहून घेतलं आणि मला पास केलं. म्हणाले, "ठमे, जमलं बरं का तुला."

मी सकाळी आठ ते पाच रुग्णालयात एक्स-रे काढणार. तेवढ्या वेळासाठी मावशी ठरल्या आहेत. बाई बोलक्या आहेत, हात स्वच्छ आहेत, मला पसंत पडल्या.

६ तारीख, बुधवार

दादाच्या आग्रहावरून आज कॅमेरे बसवले. तो लांब राहतो, काळजी मात्र घाऊक प्रमाणात करतो. कॅमेरेवाला मिशाळ आणि भलताच उत्साही निघाला. दारावर एक, हॉलमध्ये एक, बाबांच्या खोलीत एक. हे सारखं चित्रण करत नाहीत, म्हणाला. समोर काही हललं की जागे होतात, तेवढंच टिपतात आणि फोनवर कळवतात. किती हललं तर जागं व्हायचं हेही ठरवता येतं. संवेदनशीलता फार कमी ठेवली तर चोर निसटेल, फार जास्त ठेवली तर माशीसुद्धा सापडेल! चाचणी म्हणून त्याने बाबांना हॉलमध्ये चालायला लावलं. बाबांनी वॉकरसकट संचलन केलं आणि कॅमेऱ्याला सलाम ठोकला. ती चित्रफीत मी चार वेळा पाहिली.

७ तारीख, गुरुवार

दिवसात त्रेसष्ट सूचना. पडदा हलला, पंखा फिरला, खिडकीत कबुतर बसलं, की वाजला फोन. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा मुकाट्याने आवाज बंद केला. घरी येऊन पडद्याचा भाग वगळला, संवेदनशीलता निम्म्यावर आणली. आता माणूस हलला तरच कळेल.

९ तारीख, शनिवार

आज मी वाईट वागले. बाबांच्या हातून वाटी निसटली, सूप चादरीवर सांडलं. आठवड्यातली चौथी चादर. मी ओरडले. तुम्ही मुद्दाम करता का, असंही म्हणाले. ते डावा हात उजव्या हातावर ठेवून बसून राहिले. दिवसभर मी परक्यांशी गोड बोलते, "श्वास रोखा, हलू नका, झालं हं." घरी पोचेपर्यंत गोडवा संपलेला असतो. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहिते.

११ तारीख, सोमवार

यायला उशीर झाला, मावशी निघून गेल्या असणार. बाबांची नखं कापलेली, दाढी गुळगुळीत. मावशींचं कौतुक करावं म्हटलं, तर बाबा म्हणाले, "अगं, तूच तर केलीस दुपारी." त्यांचं हल्ली असं होतं, कालचं आजमध्ये मिसळतं. मी हो म्हटलं.

१२ तारीख, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते.

आज साडेपाचलाच पोचले, तर मावशी घरात नाहीत. बाबा एकटे, पण आनंदात. मी मावशींना फोन करून फैलावर घेतलं. त्या गांगरल्याच. म्हणाल्या, "ताई, असं काय करता? दोन वाजता तुम्हीच आलात. मी आहे आता, तुम्ही जा, असं म्हणालात. कालही तसंच."

खोटं बोलतात असं वाटलं. कॅमेऱ्यात उघडं पाडावं म्हणून दुपारच्या चित्रफिती काढल्या.

दोन वाजून चार मिनिटं, दार. एक बाई किल्लीने कुलूप उघडते. पाठमोरी. अंगात माझा करडा स्वेटर, खांद्याला माझी पिशवी.

दोन वाजून नऊ, बाबांची खोली. ती पलंगावर बसून त्यांना भरवते आहे. एकेक चमचा, फुंकर घालून. बाबांच्या हनुवटीवर ओघळ आला, तो तिने बोटाने टिपला. मग मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

ती मी आहे.

दोन वाजून चार मिनिटांनी मी एका पोराच्या मनगटाचा एक्स-रे काढत होते. नोंदवहीत माझी सही आहे.

१३ तारीख, बुधवार

कुणाला दाखवू? विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान, वडिलांची सेवा करता. पण ह्यात काय झालं? वेळ म्हणाल तर कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल." बरोबरच आहे. माझ्या घरात मी माझ्या वडिलांना भरवते आहे. तक्रार कशाची करू?

येताना कुलूपवाल्याला घेऊन आले, कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात आहेत.

१४ तारीख, गुरुवार

दाराच्या कॅमेऱ्याने काहीच टिपलं नाही. हॉलच्या कॅमेऱ्याने टिपलं. दोन वाजून चार. चित्र सुरू होतं तेव्हा ती हॉलच्या मधोमध उभी आहे. आधीपासूनच.

मावशी तिला पाहून हसतात, चपला घालतात, जातात.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, ओरडून, रडून. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "तू फार दमली आहेस गं. दुपारी आपण बोललो तेव्हा किती छान होतीस."

मी दुपारी दादाशी बोलले नव्हते.

१५ तारीख, शुक्रवार

बाबा वॉकरशिवाय चालतात. चित्रफितीत पाहिलं. तिचा हात धरून खिडकीपर्यंत गेले, पाय न ओढता. मला रडू आलं. भीतीने की आणखी कशाने, कळलं नाही.

संध्याकाळी मीही हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "दुपारी किती मायेनं बोलतेस. संध्याकाळी कुठलं भूत बसतं गं तुझ्या मानगुटीवर?"

१७ तारीख, रविवार

काल आणि आज मी दिवसभर घरी. ती आली नाही. मी जपून बोलले, हळू भरवलं, फुंकर घातली. बाबा माझ्याकडे न बघता घास गिळत होते. आज दोन वाजता दाराकडे पाहत बसले. मग मला विचारलं — तू जाणार कधी?

सामान बांधलं. म्हटलं, बाबा, आपण दादाकडे जाऊ. पलंगाचा कठडा धरून बसले. सोडेचनात. मी बोटं सोडवायला गेले तर ते किंचाळले. शेजारच्या बाई धावत आल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की —

१८ तारीख, सोमवार

आज कामाच्या जागीच दुपारची चित्रफीत आवाजासकट पाहिली.

बाबा तिला सांगत होते. ती संध्याकाळची येते ना, तिला सांग, नको येऊस. मला भीती वाटते तिची.

ती म्हणाली, "सांगते हं बाबा."

माझा आवाज. पण इतका मऊ — मी कधी बोलले होते अशी? कधी तरी बोलले असेन.

१९ तारीख, मंगळवार, दुपार

रजा टाकली. सकाळी नेहमीसारखी निघाले, एक वाजता स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आले. मावशी पाठमोऱ्या, नळाखाली भांडी घासत होत्या, त्यांना कळलं नाही. अडगळीच्या खोलीत बसले आहे. रिकाम्या खोक्यांमागे. फोनचा आवाज बंद. इथे कॅमेरा नाही. आज समोर जाणार. तू कोण, एवढंच विचारायचं. नाहीतर माझे बाबा मला परत दे, म्हणून पाय धरायचे.

१.५०. हालचाल नाही.

२.०४. हॉल.

उभी आहे. मावशी निघाल्या, नळ वाहता सोडून. चप्पल — दार —

उठता येत नाही. 

ती बाबांच्या खोलीत. ते हसत आहेत. भिंतीतूनही ऐकू येतं. वाटीत चमचा वाजतो.

बाबा काही सांगत आहेत. ठमे, ती आत आहे. अडगळीच्या खोलीत. मागच्या बाजूला जाताना मी खिडकीतून पाहिलं मघाशी.

बाबा —

ती म्हणाली, "मला माहीत आहे. आधी तुमचं सूप संपू दे."

चमचा वाटीच्या तळाला खरवडतो आहे. एकदा. पुन्हा.

थांबला.

फोनवर तिन्ही कॅमेरे शांत. हॉल रिकामा. बाबांच्या खोलीत फक्त बाबा. कुठेच हालचाल नाही. पण पावलं आहेत — स्वयंपाकघरात — नळ बंद केला — दाराशी आली —

कडी मी आतून —

हळूच बोलते आहे. फटीतून. किती प्रेमाने.

"दमलीस ना गं? बास झालं आता. वही दे इकडे. पुढचं मी लि