कडेचे आकडे

प्रिय ठमे,

लेकीच्या लग्नासाठी परवडेल असा कॅमेरा कुठला, ते एका ओळीत सांग, असं तू फोनवर म्हणालीस. वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. एका ओळीत उत्तर देणाऱ्या दुकानदाराचा काटा हमखास हलका निघतो. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत मेहुण्यांच्या हातात देऊ नकोस.

मंगळवारी दुपारी चार वाजता, म्हणजे लग्नाच्या दिवशी सह्या व्हायच्या त्याच वेळी, मी लग्नाच्या हॉलवर जाऊन आलो. रखवालदाराला वाटलं मी वीज खात्यातून आलोय. मीही वाटू दिलं. सह्यांचं टेबल जिथे ठेवतात तिथे उभं राहून वर्तमानपत्र वाचलं. मथळे दिसतात, बारीक मजकूर दिसत नाही. खिडकी एकच, तीही नवरीच्या पाठीमागे. छत लाकडी, चॉकलेटी रंगाचं. फ्लॅश वर मारला तर उजेड खाली येताना तोच रंग घेऊन येणार आणि व्याही मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसणार. तेव्हा मेगापिक्सेलच्या नादी लागू नकोस. विकणारे मोठमोठे आकडे फेकतात. चोवीस म्हणजे डोक्यावरून पाणी. कॅमेरा वापरलेला घ्यायचा आणि वाचलेला पैसा लेन्सला लावायचा. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, झूम न होणारी, पण तोंड मोठं असलेली. अंधाऱ्या हॉलमध्येही तिला पोटभर उजेड मिळतो. झूम करायचं ते आपल्या पायांनी. आणि दोन कार्डं बसतील असाच कॅमेरा हवा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे जातो आणि एका कार्डाने दगा दिला तरी दुसरं असतं. बाकी कशातही हात आखडता घे, यात नको. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही, तुला ठाऊकच आहे. पुस्तकं आणली, वाचली, हाताने करून पाहिलं. कुणाचं बोट धरायची सवय मला पहिल्यापासून नाही. इतकी वर्षं हे मी कौतुकाने सांगत आलो.

असा कॅमेरा सध्या एकाच ठिकाणी विकायला होता, पुलापलीकडच्या स्टुडिओत. आता पत्र बाजूला ठेवू नकोस. लेकीने त्याच स्टुडिओतल्या मुलीचं नाव सुचवलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "जिच्या बापाने माझ्या लग्नाचा रोल धुताना नासवला तिला माझ्या पोरीच्या लग्नात पाऊल टाकू देणार नाही. दादा काढेल फोटो." लेक रडत आत गेली. मी तिथेच बसून चहा पीत होतो. बाबांचा त्या दिवशीचा एकही फोटो तुझ्याजवळ नाही आणि सहा महिन्यांत ते गेले, हे तू सव्वीस वर्षांत कितीदा म्हणालीस? मी बाकी सगळं मोजतो, हे मोजलेलं नाही.

तुझ्या लग्नाच्या दिवशीचा रोल मी सकाळी त्या मुलीच्या वडिलांकडून, म्हणजे तेव्हा आपल्या गल्लीत लॅब असलेल्या काकांकडून घेतला होता. ते म्हणाले, "कॅमेरा आण, भरून देतो." कॅमेरा आमच्या मालकांचा, मागून आणलेला, माझ्या हातात जेमतेम तीन दिवस. मी म्हणालो, "मला येतं." घरी येऊन भरला. फिल्मची जीभ पलीकडच्या चाकाच्या खाचेत अडकवायची असते. नीट अडकली असेल तर दर फोटोनंतर खटका ओढताना डावीकडचं बटण आपोआप फिरतं. ते फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही असं समजायचं. शिकाऊ माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. मला सांगायला कुणी नव्हतं, आणि जे सांगू शकले असते त्यांना मी येतं म्हणून सांगून आलो होतो. दिवसभर फोटो काढले. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि हॉलवाल्यांचं पेन सवयीने स्वतःच्या खिशात घातलं, सगळे हसले, बाबाही हसले, तोही काढला. रोल छत्तिसाचा. कॅमेऱ्यावरचा आकडा अडतीसवर गेला तेव्हा मी खूश होतो, दोन फुकटात मिळाले म्हणून. चाळीस झाला तेव्हा मी खटका ओढायचा थांबलो. तोवर पाहुणे पांगले होते. सामानाच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं, दिवा मालवला आणि कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून बोट घातलं. जीभ सैल पडलेली. एकही फोटो फिल्मवर आलेला नव्हता.

मी झाकण लावलं, फिल्म गुंडाळून आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन दिली. वर सांगितलं, "जपून धुवा, बहिणीचं लग्न आहे."

रोल आणायला तू माझ्याबरोबर आलीस. काकांनी धुतलेल्या फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "केमिकल जुनं झालं असेल." ते म्हणाले, "असेल." एवढंच. रोलचे पैसे परत दिले. तू तिथे काय बोललीस आणि पुढे गल्लीत घरोघर काय सांगितलंस, ते तुला आठवत असेल. वर्षाच्या आत त्यांनी दुकान पुलापलीकडे नेलं. त्यांनी 'असेल' का म्हटलं, मी कधी विचारलं नाही.

ती पट्टी मी तेव्हाच खिशात घातली होती. आजवर वजनांच्या पेटीत, तळाशी होती. आता या पत्राबरोबर पाठवतोय. खिडकीशी धरून बघ. मध्ये काहीच नाही, पण कडेला बारीक आकडे आहेत, एकपासून छत्तीसपर्यंत. ते कारखान्यातच फिल्मवर घातलेले असतात आणि फिल्म धुतली की उमटतात. केमिकलने घात केला असता तर आकडेही उमटले नसते. एकूण एक आकडा स्वच्छ आहे. काकांनी काम चोख केलं होतं, आणि पट्टी पाहताक्षणी त्यांना सगळं कळलं होतं.

कॅमेरा मी काल तिथूनच घेतला. काका आता स्टुलावर बसून असतात, दुकान मुलगी बघते. त्यांनी मला लगेच ओळखलं. मुलीला म्हणाले, "यांना फार समजावत बसू नकोस, स्वतःचं स्वतः शिकलेत." मग माझ्याकडे वळून, "याच्यात रोल भरावा लागत नाही." हसले नाहीत. त्यांना जे सांगायला हवं ते मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला, मग त्यांना, कारण तू जे बोललीस ते माझ्या शब्दावर विसंबून. रविवारी तुम्ही फोटोग्राफर पक्का करणार आहात, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाई केली. फोटो काढायला लेकीच्या मनातली मुलगीच ठरव. मी आलो तर हा कॅमेरा घेऊन त्या मुलीच्या मागे, ती सांगेल तिथे उभा राहीन. यायचं की नाही ते तू कळव. नको म्हणालीस तर कॅमेरा भाचीकडे पोचता करीन, वापरायचा कसा ते ती मुलगी शिकवेल. काल निघताना काकांनी विचारलं, "कार्ड घालून देऊ?" मला येतं घालता. मी म्हणालो, "द्या."

तुझाच,
दादा