जेवलात का?

रत्नागिरी, सोमवार, १९ मे २०२५. दुपारचा पाऊण. कोकमासाठी रातांबे फोडून, हात धुऊन लिहायला बसलो.

प्रिय सुमाताई,

तू कंपनीत बनवलेला मोबाईलवरचा मेंढीकोट बाबा रोज नऊ तास खेळतात. मी वहीत वेळा लिहिल्या आहेत. फोन ठेवला की थोड्या वेळाने खेळातून मेसेज येतो, “जेवलात का?” माणसांनी परत यावं म्हणून तो घातलाय, एवढं माझ्यासारख्या दहावी नापासालाही कळतं. पण बाबांना वाटतं, पुण्याहून तूच विचारतेस. “जेवलो गो बाय,” म्हणतात आणि पुन्हा खेळायला लागतात. ताट झाकलेलंच राहतं.

खेळ बनवताना असं एकटं माणूस तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांसमोर आलं होतं का?

तो मेसेज बंद कर, असं लिहिणार होतो. पण बंद झाला, तर तू विचारायचं सोडलंस असं त्यांना वाटेल. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

काल चार महिन्यांनी तुझा फोन आला. बाबांचा डाव रंगला होता, त्यांनी फोन कापला.

“बाबा, ताई होती ती!” मी ओरडलो.

“माहीत आहे रे,” ते म्हणाले. “तिच्याशीच तर खेळतोय.”

तुझा भाऊ,
अनिश