गेटवरची खुर्ची

बजबज
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मधुवंती,

कशी आहेस असं विचारणं खुळेपणाचं आहे. शनिवारी सकाळीच तर आपण काकांना दोन्ही बाजूंनी धरून खिडकीपर्यंत नेलं. सात पावलं. तू मोजत होतीस, आणि पाचव्याला मला म्हणालीस, "हसू नकोस, त्यांना राग येतो." मी हसत नव्हतो.

काल आलो नाही, आजही आलो नाही. तुझे चार फोन उचलले नाहीत. आजारी नाही. खोलीत बसलोय, युनियनच्या ऑफिसच्या मागची खोली, ज्यूट मिलच्या भिंतीला लागून. बाबांचा भोपाळहून फोन आला होता. कॉलेज सोडून दोन वर्षं होत आली, तरी त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरलास का एवढंच विचारलं. आई मागून म्हणत होती, स्वेटर काढ म्हणावं. इथे अजून तेवढी थंडी नाही.

फोनवर बोलायला लागलो की मी भाषण करतो, असं तूच म्हणतेस. म्हणून कागद. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर सुटं काढतोय. बंगालीत लिहिलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, पण माझं बंगाली भाजीबाजारापुरतं. आणि इंग्रजीत मला खोटं फार सहज लिहिता येतं.

एक व्हिडिओ तुझ्याकडे येईल. कदाचित आलाही असेल. त्यात मी आहे, आणि तुझं नाव आहे. तो बघण्याआधी हे वाच, एवढंच मागणं. तन्मय आज क्लासहून तुमच्याकडे येणार आहे, त्याच्या हाती पाठवतोय. त्याला काही माहीत नाही, तुझ्या मामेभावावर ओरडू नकोस.

आमच्या युनियनच्या सलीलदांबद्दल मी इतक्यांदा सांगितलंय की शेवटी तू कानात इअरफोन घालायचीस. आज पुन्हा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर दुसऱ्या रविवारी मिलच्या गेटवर त्यांची सभा असते. मंच नसतो, हार नसतात. एक लाल प्लास्टिकची खुर्ची. ज्याची गोष्ट असेल तो त्या खुर्चीवर बसतो, आणि सलीलदा शेजारी उभे राहून ती सांगतात. सुरुवात मात्र नेहमी स्वतःच्या चुकीने. या पंधरवड्यात माझं काय चुकलं, ते आधी. एकदा म्हणाले, मी मॅनेजरला घाबरून मान हलवली, पाच मिनिटं हलवत राहिलो. लोक हसले, आणि त्यानंतर त्यांनी जे काही सांगितलं ते सगळं लोकांनी खरं मानलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. न्यू टाउनच्या वर्गात बसून 'संवादकौशल्य' शिकत होतो. इथे एक माणूस तेच फाटक्या माइकवर करत होता आणि आठशे माणसं गप्प उभी होती. पुढच्या महिन्यात मी कॉलेज सोडलं.

माझं काम गोष्टी आणायचं. मी कामगारांच्या चाळींतून, लाइनींतून फिरायचो, लोकांशी बोलायचो, लिहून आणायचो. दरवेळी सलीलदा तीन प्रश्न विचारायचे. खरं आहे? ज्याचं आहे त्याने सांगायला हो म्हटलंय? तो खुर्चीवर बसेल? यातल्या एकाचं जरी उत्तर नाही असलं, तर कितीही चांगली गोष्ट असो, ते कागद परत द्यायचे. मी चिडायचो. ते म्हणायचे, "न विचारता घेतली तर ती चोरी. मग मिलमालकात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

बारा ऑक्टोबरला त्यांनी काकांची, तुझ्या बाबांची, गोष्ट सांगितली. तू ती चाळीस सेकंदांच्या तुकड्यात पाहिलीस, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर. कोणी पाठवली, त्याखाली कोणी काय लिहिलं, ते तुला पाठ आहे. तुला सबंध कोणी सांगितली नाही, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी कार्डिंगच्या, ताग पिंजायच्या, यंत्रात प्रकाश नावाचा कामगार सापडला आणि गेला. यंत्रावरचं लोखंडी झाकण नऊ दिवस दुरुस्तीला गेलेलं होतं. काका तेव्हा मिलचे लेबर ऑफिसर, कामगारांचे दिगंबर साहेब. त्यांना ठाऊक होतं. अहवालात त्यांनी लिहिलं की झाकण कामगाराने स्वतःच काढलं होतं. त्या एका ओळीवर प्रकाशच्या बायकोचा, प्रेमलताभाभींचा, भरपाईचा दावा फेटाळला गेला आणि मिलची खोलीही गेली. आता त्यांनी अपील केलंय.

त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. सलीलदा म्हणाले, "साहेब आले नाहीत. त्यांना लाज वाटते. ज्याला लाज वाटते त्याच्यावर दगड मारू नका, ही खरी गोष्ट त्याच्याचमुळे आपल्यापर्यंत आली." हे वाक्य त्या तुकड्यात नाही. कोणीतरी त्याच्या आधीच कापलं.

दोन दिवसांनी काका बाथरूमपाशी पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

हॉस्पिटलात आपण अकरा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी, एक्स-रेच्या बाहेरच्या बाकावर, चहाचा कप तसाच हातात धरून तू मला विचारलंस, "हे युनियनवाल्यांना कोणी सांगितलं असेल? बाबा तर माझ्याशीही कधी बोलले नाहीत." मी म्हणालो, माहीत नाही. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. दोन वर्षं ज्यासाठी तुझ्या ऑफिसच्या बसस्टॉपवर उभा राहिलो, ते मला त्या खोट्यावर मिळालं. आणि मी ते घेतलं. तू झोपलीस, आणि मी हलू नये म्हणून श्वास धरून बसलो.

मी सांगितलं, मधुवंती.

काकांनी मला दुर्गापूजेच्या अष्टमीला दुपारी बोलावलं होतं. तू मैत्रिणींबरोबर मंडपांतले ठाकूर बघायला गेली होतीस. खाली पूजेचा ढाक वाजत होता, त्यांनी खिडकी लावून घेतली. कपाटातून चार पानं काढली. मराठीत, त्यांच्या अक्षरात, खाली सही. म्हणाले, "शौनक, तू त्या लोकांत वावरतोस. हे मला साध्या हिंदीत करून दे. माझी हिंदी ऑफिसची आहे, तिच्यात माफी मागता येत नाही." मी वाचलं. ते भिंतीकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "दिवाळी झाली की मी स्वतः त्या बाईकडे जाईन, वाचून दाखवीन. आधी मधुवंतीला सांगायचंय. तोवर कुणाला बोलू नकोस." मी हो म्हटलं. त्यांनी मला आग्रहाने दोनदा शिरा वाढला.

सात तारखेला, मंगळवारी, मी तुला तुझ्या ऑफिसखाली गाठलं. आपण काय बोललो ते तुला आठवतच असेल. तू चिडलीसही नाहीस, याचाच मला जास्त राग आला. म्हणालीस, "तू मला मागणी घालतोयस की सभा घेतोयस? मला तुझ्याबरोबर दमायला होतं, शौनक. आधी कॉलेज पूर्ण कर म्हणणार होते. पण नको, त्यानंतरही नको." आणि लंच संपला म्हणून गेलीस. कार्ड टेकवलंस, काचेचं दार उघडलं, बंद झालं.

मी तिथून सियालदाला आलो, बजबज लोकल पकडली आणि तासाभरात सलीलदांसमोर बसलो होतो. वाटेत मी स्वतःला काय काय सांगितलं असेल. प्रेमलताभाभी दुसऱ्याच्या खोलीत राहतात, त्यांनी दिवाळीपर्यंत का थांबावं? सत्य कुणाच्या मुहूर्तासाठी ताटकळत का राहावं? सगळं छान वाटत होतं. पण तू वर जाताना मागे वळून पाहिलं असतंस, तर मी दिवाळीपर्यंत थांबलो असतो. इतकं साधं आहे ते.

सलीलदांनी तीन प्रश्न विचारले. खरं आहे? हो. साहेबांनी हो म्हटलंय? मी म्हणालो, हो. खुर्चीवर बसतील? म्हणालो, वय झालंय, जमायचं नाही. ते म्हणाले, "तू कधी खोटं आणलेलं नाहीस." बस. माझं दोन वर्षांचं नाव त्यांनी त्या गोष्टीला लावलं.

काका हॉस्पिटलातून घरी आल्यावर रोज सकाळी आठला मी तुमच्याकडे यायचो. काकांच्या काखेत हात घालून त्यांना उभं करायचो. ते माझ्याकडे बघायचे. तू म्हणायचीस, "बघ, तुला ओळखतात." मधुवंती, ते ओळखतातच. त्यांना सगळं कळतं. मला बोलता येतं आणि त्यांना येत नाही, एवढाच फरक होता, आणि मी त्या फरकावर महिनाभर काढला.

शुक्रवारी मला सहन झालं नाही आणि मी सलीलदांना सांगितलं. ते मुरमुरे खात होते. विचारलं, "गोष्ट खोटी आहे?"

"नाही."

"अहवाल त्यानेच लिहिला?"

"हो. पण त्यांनी हो म्हटलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मग मी गेटवर काय दुरुस्त करू? चार डिसेंबरला बाईच्या अपिलाची तारीख आहे. मिलचे वकील म्हणतायत हे सगळं युनियनने रचलं. आता मी उभा राहून म्हणू, गोष्ट खरी, पण चोरलेली? लोकांना यातलं 'चोरलेली' तेवढं ऐकू येईल." मग मुरमुऱ्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "खा. तोंड बघ कसं झालंय."

दिवाळीमुळे सभा आठवडाभर पुढे सरकल्या होत्या, पुढची काल रविवारी होती. मला वाटलं, तिथे ते सांगतील. सुरुवातीलाच सांगतील, त्यांची पद्धतच आहे ती. काल ते उभे राहिले आणि म्हणाले, या पंधरवड्यात माझं काय चुकलं, तर एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर सही करायला मी तीन दिवस उशीर केला. मुलीचं नाव सांगितलं. हात जोडले. लोकांनी मान डोलावली. ती चूकही खरीच होती. मी दोन वर्षं ज्याच्यापायी घरदार सोडून इथे राहिलो, ते मला त्या एका मिनिटात आरपार दिसलं. छोटी चूक पुढे ठेवायची, म्हणजे मोठी कोणी मागत नाही.

मी जाऊन माइक घेतला. माझी हिंदी तुला माहीतच आहे. म्हणालो, "दिगंबर साहब ने हाँ नहीं बोला था। मैंने झूठ बोला। उनकी बात मैंने चुराई।"

मग मागून एक जण म्हणाला, "मिल ने कितना दिया, बाबू?" दुसरा, "दो साल नमक खाया हमारा।" पुढचे चारपाच जण जवळ आले. एकाने माझी कॉलर धरली. मी मार खायला तयार होतो, खरं तर मला तो हवाच होता.

सलीलदांनी माइक काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला त्या लाल खुर्चीवर बसवलं. आणि माझी गोष्ट सांगितली. हा बँक अधिकाऱ्याचा मुलगा, परप्रांतातला, आपल्यासाठी कॉलेज सोडून आला. हा एका मुलीवर प्रेम करतो. त्याच साहेबांच्या मुलीवर. तिचं नाव मधुवंती. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, हा रोज जाऊन त्यांना चालवतो. आज तिच्या घराचं नाव वाचवायला हा पोरगा स्वतःला खोटारडा म्हणवून घ्यायला तयार आहे. याला मारणार?

यातलं एकेक वाक्य तपासून बघ, खोटं सापडणार नाही. सगळं मीच त्यांना कधी ना कधी सांगितलेलं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. ज्याने कॉलर धरली होती त्याने ती नीट केली. प्रेमलताभाभी पुढे आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पगला।" आणि मी बसून राहिलो. काकांनी हो म्हटलं होतं, हेच आठशे माणसं घरी घेऊन गेली, आधीपेक्षा पक्कं करून.

कोणी मला विचारलं नव्हतं. खुर्चीवर बसल्यावर कळतं ते कसं लागतं. तू मात्र खुर्चीवरही नव्हतीस, काकाही नव्हते.

तो व्हिडिओ कालपासून फिरतोय. लोक हृदयाची चित्रं टाकतायत. तुझ्या ऑफिसपर्यंत पोचेल. त्याबद्दल माफी मागायची कशी ते मला कळत नाही, म्हणून मागत नाही.

आता एकच काम उरलंय. काकांची चार पानं माझ्याकडेच आहेत. हिंदीत मी ती कधी केलीच नाहीत. सलीलदांना काल संध्याकाळी त्यांचा सुगावा लागला, तेव्हापासून मागतायत. कोर्टात साहेबांची सही चालेल, ऐकीव गोष्ट चालणार नाही. पानं नसतील तर भाभी बहुतेक हरतील. असतील तर मिल काकांवर उलटेल, खोटा अहवाल लिहिला म्हणून, या अवस्थेतही. आणि तुला ती पेपरात वाचायला लागतील. मला विचारशील तर ती भाभींना मिळायला हवीत. पण मला कोणी विचारावं अशी माझी लायकी राहिलेली नाही.

पानं या पाकिटात आहेत. आधी तू वाच. सावकाश वाच, अक्षर लागेल तुला. तिसऱ्या पानावर त्यांनी तुझ्याबद्दल लिहिलंय, ते मी वाचायला नको होतं. मग त्यांच्यापाशी बस आणि त्यांना विचार, द्यायची का. त्यांना ऐकू येतं, कळतं, आणि डाव्या हाताची बोटं हलतात. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही, असं आधी ठरवून घे. घाई करू नकोस, कुठलं तरी उत्तर त्यांच्या तोंडी घालू नकोस. ते जे म्हणतील ते. नाही म्हणाले तर चुलीत घाल, मी कुणाला बोलणार नाही.

उद्यापासून मी येत नाही. काकांना उजव्या बाजूने धरायला जोर लागतो, डावा पाय पुढे टाकतात तेव्हा त्यांचा सगळा भार उजवीकडे येतो. तन्मयला दाखवून ठेवलंय, तो आठला येईल. पट्टा कमरेला बांध, काखेत धरलं की त्यांना दुखतं. महिनाभर मी काखेतच धरत होतो, त्यांना सांगता येत नव्हतं.

शौनक