वाडग्यावरची तीन बोटं

शनिवार, संध्याकाळ
बुकित पंजांग, सिंगापूर

आज इराने किल्ल्या ठेवायचा वाडगा धुवायला घेतला आणि पालथा करून इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली, "आई, इथे ग्लेझच नाही. डिफेक्टिव्ह लाह!"

डिफेक्टिव्ह! रागच आला मला. बुडाशी तीन उघडे डाग आहेत. ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाच्या, बादलीत भांडं बुडवताना बोटांनी जिथे धरतो, तिथे ग्लेझ लागत नाही. इंग्लंडमध्ये मी कुंभारकाम शिकले, त्या स्टुडिओतल्या आमच्या बाई ते डाग ब्रशने झाकू द्यायच्या नाहीत. कुणाच्या हातचं आहे ते दिसू दे, म्हणायच्या.

मग लग्न, नवऱ्याची नोकरी, सिंगापूर. चौदा वर्षं मातीला हात नाही. कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. तेच तर.

इराने त्या डागांवर बोटं ठेवली. बरोब्बर बसली. "कोणाची गं ही?"

"माझी."

"यू? रिअली आह?"

ती गेल्यावर मीही ठेवून पाहिली. माझी बोटं डागांत मावेनात. भट्टीत भांडं आकसतं, बोटांचे ठसेही. म्हणजे भांडं भट्टीतून निघालं तेव्हाही ती बसली नसणारच. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सारखं वाटतंय, तेव्हा बसत होती.

किल्ल्या अजून टेबलावरच पडल्यात. वाडग्यात टाकवत नाहीयेत.